प्रमाण मराठीतली दाद

मित्राने रचलेलं हळदीचं गाणं मी त्याच्या परवानगीनेच जॅझमध्ये रिमिक्स केलं. ढोलकी काढली, लय संथ केली, मागे उदास सॅक्सोफोन ठेवला. धरमपेठेतल्या माझ्या खोलीत त्याने ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "अतिशय सुंदर झालं आहे."

मला तिथेच शंका आली. हा कुही गावचा माणूस माझ्याशी प्रमाण मराठीत फक्त रुसल्यावर बोलतो.

"खरं सांग ना बे."

"तुझी कल्पना उत्तम आहे."

उत्तम! म्हणजे दोस्ती संपलीच. तो चपला घालू लागला. मग दारातूनच वळला.

"काहून बे, हळदीतच नवरदेव मारून टाकला का तू?"

मला हायसं वाटलं. त्याला आत ओढलं आणि आधी ढोलकी परत घातली.