फळ्यावरचं रविवारचं वाक्य

चौबे कॉलोनीतल्या आमच्या फाटकावर एक फळा आहे. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून बाबा दर रविवारी सकाळी त्यावर एखाद्या विचारवंताचं वाक्य लिहितात, आधी मराठीत, खाली हिंदीत. फिरायला निघालेले शेजारी थांबून वाचतात.

गेल्या मार्चमधलं एक वाक्य होतं: ज्याच्यावर रागावलात, त्याला आधी चहा पाजा. खाली 'एक प्राचीन संत'. मी वर्तमानपत्रात काम करते. मूळ तपासायची सवय आहे.

"बाबा, प्राचीन काळात चहा कुठे होता?"

"तुले काय करायचं? लोकायले पटलं ना."

मी त्यांच्या कपाटातली पुस्तकं काढली. त्यांवर धूळ होती. आधीच्या रविवारांची वाक्यंही त्यांत सापडली नाहीत. जेवताना बाबांनी स्वतःच सांगितलं, "छापलेलं दिसून नाही राहिलं. दिवाळीपासून मीच जुळवून राहिलो. आता फळा काढून टाक." नजर सुधारणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

फळा मी काढला नाही. पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"हळू वाच ना. बातम्या देऊन राहिली काय?"

मी हळू वाचलं. सहाव्या पानावर त्यांनी हात वर केला, एक वाक्य दोनदा म्हणवून घेतलं आणि खडू मागितला. मोठ्या अक्षरांत लिहिणं त्यांना अजून जमतं. खाली लेखकाचं नाव मी घालायला लावलं. पान क्रमांक त्यांनी घालू दिला नाही.