बोटीवरचं दूध

कोल्हापूरहून गोव्याला जायचं तर माणूस एस.टी.त बसतो आणि घाट उतरून सरळ पणजी गाठतो. आमच्या ह्यांना ते फार साधं वाटलं. आधी रेल्वेनं मुंबई आणि मग मुंबईहून बोटीनं पणजी, असा द्राविडी प्राणायाम त्यांनी ठरवला, कारण आमच्या गल्लीतल्या कुणाचीच बायको तोवर बोटीत बसली नव्हती. "तुझी जरा हवापालट हुईल," म्हणाले. पाच महिन्यांचं मूल कडेवर घेऊन कसली हवापालट होते, ते पुरुषांनी एकदा करून बघावं.

मूल माझं होतं, पण त्याचं पोट सासूबाईंच्या ताब्यात होतं. आमचं घर तालमीचं. सासरे, दीर, हे, सगळे लाल मातीत लोळून मोठे झालेले. मुलगा दोन महिन्यांचा झाला तेव्हा सासूबाईंनी माझं दूध वाटीत काढायला लावलं, वाटी उजेडात धरली आणि "निव्वळ पाणी हाय" असा निकाल देऊन टाकला. नातू पैलवान व्हायचा तर म्हशीचंच दूध पाहिजे. माझं दूध आटावं म्हणून त्यांनी माझ्या छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या. चार दिवस मी तापानं फणफणले. पुढं हळूहळू दूध गेलं. अंबाबाईच्या देवळाबाहेर गजरेवाल्या बसतात ना, तिथून मी आजही नाकाला पदर लावून जाते.

प्रवासासाठी सासूबाईंनी दूध तीनदा उकळलं, गाडीत लागेल तेवढं बाटल्यांत आणि बाकीचं कल्हई केलेल्या दोन किटल्यांत भरलं आणि तोंडाला फडकी बांधून दिलं. पावडरीचा एक डबा बरोबर असू द्या, असं मी दबकत म्हणाले. हे हसले. "पावडर? तालमीतल्या पोराला? लोक तोंडात शेण घालतील." मुंबईच्या धक्क्यावर ताजं दूध मिळत होतं, तिथंही मी विचारलं. "मुंबईचं पाणी पाजतीस व्हय त्याला?" मार्च संपत आला होता. दूध कोल्हापुराहून निघून रात्रभर गाडीत होतं. ते टिकणार नाही, एवढं मला कळत होतं, पण माझं ऐकतंय कोण.

दुपारी बोटीच्या डेकवर पहिली किटली उघडली. दूध फाटलं होतं. दुसरी उघडली, तीही तशीच. ह्यांनी दोन्ही किटल्यांचा वास घेतला, मग पहिलीचा परत घेतला. खाली कँटीनमध्ये विचारून आले, तर तिथं फक्त आधीच करून ठेवलेला चहा. मी साखरपाणी चमच्यानं घातलं, ते मुलानं थुंकून टाकलं आणि जो टाहो फोडला तो थांबेना. लोक वळून बघायला लागले. "गप कर की त्याला," हे माझ्यावरच खेकसले. शेवटी मी पदराखाली घेतलं. दोनदा ओढून त्यानं मान मागं टाकली आणि आणखी जोरात रडायला लागला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतका संतापही आला नव्हता.

शेजारच्या चटईवर एक मुसलमान बाई आपली तान्ही पोर मांडीवर घेऊन बसली होती. मुंबईतलं नात्यातलं लग्न उरकून म्हातारा बाप तिला रत्नागिरीला माहेरी नेत होता. नवरा गाद्या भरणारा, आणि राहायला आमच्याच कोल्हापुरात. तिनं बराच वेळ बघितलं. मग आपली पोर बापाकडं दिली आणि हात पुढं केले.

"अक्का, द्या हिकडं. भूक लागलीया त्याला. तुमास्नी चालंल न्हवं?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी तोंड समुद्राकडं फिरवलं. हो नाही आणि नाहीही नाही. मी मूल दिलं.

तो इतक्या घाईनं प्यायला की त्याला ठसका लागला. तिनं पाठीवर थोपटलं आणि परत घेतलं. डोळे मिटले, मुठी सुटल्या. रत्नागिरीला बोट थांबली तेव्हा उतरण्याआधी तिनं त्याला पुन्हा एकदा पोटभर पाजलं. "आता माझ्या पोरीचा दूधभाऊ झाला ह्यो," असं म्हणाली आणि पोरीला छातीशी धरून किनाऱ्याच्या होडीत उतरली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

ह्यांनी मित्राचा कॅमेरा आणला होता. मूल तृप्त होऊन झोपल्यावर त्यांनी एकाला सांगून आमचा कठड्याशी फोटो काढवला. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं हेच विचारलं, "दूध टिकलं का रं?"

"टिकलं की! पणजीपतूर!"

तो फोटो पुढच्या खोलीत लागला. आल्यागेल्याला सासूबाई त्यातले मुलाचे गाल दाखवायच्या आणि म्हशीचं कौतुक सांगायच्या. मी चहा द्यायची.

मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी सासूबाई त्याला गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळतात तिथं, धारोष्ण दूध पाजायला न्यायच्या. त्या दिवशी मीही होते. म्हशीची धार काढून होत होती, तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. "अक्का! वळखलं न्हाई? बोटीवरची मी." बोटाशी एक पोर होती. बाईनं मुलाच्या गालावरून हात फिरवला. "केवढा झाला गं तुझा भाऊ!" पोरीनं लगेच हातातली अर्धी चिक्की त्याच्यापुढं धरली.

"कसला भाऊ?" सासूबाईंचा आवाज चढला. "कोण गं ही?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण घरी काय काय होईल ते सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी भ्याले.

"कुणास ठाऊक," मी म्हणाले. "मी नाही ओळखत ह्यांना."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझा दंड सोडला. "व्हय, चुकलंच माझं," ती सासूबाईंना म्हणाली. "ती अक्का दुसरी हुती."

सासूबाईंनी मुलाच्या हातातली चिक्की काढून टाकली, त्याला चूळ भरायला लावली आणि फेसाळ दुधाचा पेला त्याच्या तोंडाला लावला. ती पोरीला घेऊन निघाली होती. मुलानं पेला संपवला, ओठ पुसले आणि आजीनं पढवलेलं गर्दीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मी म्हशीच्या दुधावर वाढलोय!"

ती चार पावलांवर होती. तिनं ऐकलं. मी मुलाच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि गवळ्याला परत दिला.