गॅलरीतली खताची कुंडी

ओला कचरा घरीच कोण जिरवतं, असं सोसायटीच्या बैठकीत विचारलं, तर पहिला हात समोरच्या जोशीकाकांचा वर गेला. "आमच्याकडे भाजीचं देठसुद्धा बाहेर जात नाही. सगळ्याचं खत होतं."

त्यांच्या दाराबाहेरच्या डब्यात चहाचा चोथा, केळीची सालं आणि प्लास्टिक एकत्र पडलेलं मी रोज पाहते. काकू गेल्या, तेव्हापासून गॅलरीतली त्यांची खताची कुंडी कोरडीच आहे.

याला खोटं म्हणवत नाही. घराबद्दल विचारलं की माणूस कधी कधी मागे राहिलेलं घर सांगतो.

जिन्यात मी म्हटलं, "काका, कुंडी पुन्हा सुरू करून देऊ?"

"नको," ते म्हणाले. "कुंडीला कुणी हात लावलेला हिला चालत नाही."