चाळीस निर्व्यसनी गडी

स्पष्टच सांगते, माझी पहिली प्रश्नावली हा संशोधनाचा अपमान होता. आणि तो मीच केला.

अमरावतीत एम.ए.ला होते. प्रबंधाचा विषय गावातली दारू. त्यावर माझा हक्कच होता, असं मला वाटे. भातकुलीकडच्या एका गावात दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीचा, म्हणजे दुकानबंदीच्या चिन्हाचा, प्रचार करून माझा घसा बसला होता. दुकान बंद झालं, पत्रकं उरली. मोठा गठ्ठा, पाठ कोरी! कागद वाया कसा घालवायचा? त्याच पाठीवर प्रश्नावली छापली आणि त्याच गावात चाळीस पुरुषांना वाटली. कागद उलटला की मोठ्या टायपात, "दारुड्यांनो, लाज बाळगा!"

चाळीसही जणांनी लिहिलं, कधीच पीत नाही.

मार्गदर्शक मॅडमनी गठ्ठा चाळला. "गावात पिणारा एकही नाही. मग तू दुकान कशाचं बंद केलंस, दुधाचं?"

मी गठ्ठा पिशवीत कोंबला.

"सोमवारपर्यंत एक तरी खरी मुलाखत आण. नाहीतर माझी सही नाही, वर्ष गेलं समज. आणि भाषण ठोकायचं नाही."

अकोल्यात मला कुणी ओळखत नव्हतं. सकाळचीच एसटी धरली. बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींसमोर बसले आणि विचारलं, "मावशी, तुमच्या घरी कोण पितं?"

"मी."

माझ्या कागदावर रकाना होता, 'पतीच्या व्यसनाचा त्रास'.

"म्हणजे काका..."

"त्याले वासानंच मळमळते. मीच घेतो संध्याकाळी. दिवसभर टोपले उचलतो, मान जाग्यावर राहत नाही."

माझ्या घशात अख्खं भाषण दाटलं. यकृत, संसार, ठेकेदार, सरकार! मी पेनाचं टोपण दातात धरलं.

"काहून वं, पोट दुखून राहिलं काय तुयं?"

"नाही, नाही."

"तू कदी घेतली का?"

"कधीच नाही!"

"वास तरी?"

"नाही!"

"अन् एमए कायची करून राहिली मंग?"

शेजारची कोथिंबीरवाली हसत सुटली. मला राग यायला हवा होता. आलं हसू, तेही असं की बटाट्याच्या पोत्यावर टेकावं लागलं. हसताना टोपण कुठे पडलं, कळलंही नाही.

मग मावशी दुपारपर्यंत बोलत राहिल्या. मधे मेथी तोलायच्या, गिऱ्हाइकाला झापायच्या, परत तिथूनच धागा उचलायच्या. पहिल्यांदा दिली ती सासूनं, बाळंतपणात. एकदा वर्षभर सोडली, मग कुणाच्या तेराव्याला पुन्हा धरली. आता सोडावीशी वाटते, पण संध्याकाळ झाली की मान ठणकते. मी फक्त लिहीत होते. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसले नव्हते. न पिताच डोकं हलकं होऊन गरगरत होतं.

निघताना त्या हळूच म्हणाल्या, "नाव नको लिहू. जवायाले मालूम नाही."

"नाही लिहीत, मावशी."

सोमवारी मॅडमनी सगळी पानं वाचली. "तू मधे काय बोललीस?"

"मेथी केवढ्याला दिली, एवढंच."

त्यांनी 'पतीच्या' या शब्दावर काट मारली आणि खाली सही केली. "आता पुढची कधी?"

"उद्याच!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या वर्गातले सर येऊन दार लावून गेले.