काळमेघ सरांचा काटा

भानुदास काळमेघ मूळचे अकोल्याचे. चंदीगडला सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासात बायोलॉजी शिकवायला म्हणून आले आणि तिथेच मुरले. चपला दाराबाहेर काढून अनवाणी शिकवायचे. विद्येच्या जागी पायताण नको, ही आईची शिकवण. पंजाबी पोरांना आधी हसू यायचं, मग सवय व्हायची.

डॉक्टर व्हायला निघालेल्या त्या पोरांत सरांचा काट्याचा तास गाजलेला. तळव्यात काटा रुतला, की तिथल्या नसेचं टोक खबर उचलतं आणि मज्जारज्जूत नेऊन टाकतं. पाय उचलायचा हुकूम तिथूनच सुटतो, मेंदूला अजून पत्ताच नसतो! खबर मात्र तिथे बाजू बदलून वर चढते, थॅलॅमसच्या चौकीवरून मेंदूत पोचते. "और तब आदमी क्या बोलता है?" सर गरजायचे. सगळा वर्ग, सरदारांची पोरंसुद्धा, एका सुरात ओरडायचा, "आई गं!"

सरांना चीड एकाच गोष्टीची, अंदाजे उत्तर ठोकण्याची. "तुक्का मत मारो! नहीं आता तो बोलो, नहीं आता."

आणि आता बघा, दिव्याखाली अंधार कसा असतो! सरांचे पाय दोन वर्षांपासून बधिर होते. साखर होती, पण ती म्हणे "बॉर्डरवर". बायको शालिनी दाखवून घ्या म्हणाली, की हे फिस्कारायचे, "काहून घाबरवतेस? इथली थंडी आपल्या वऱ्हाडी पायांना सोसत नाही, बस."

"अहो, मे महिना चाललाय!"

"मग एसीची थंडी."

आता काय बोलावं या माणसाला? खरं तर सर मनातून टरकले होते. वडिलांचा पाय साखरेनंच नेला होता, गुडघ्याखालून. ते कापणं त्यांनी पाहिलं होतं. म्हणून तपासायचंच नाही! न तपासलेला आजार नसतोच, असं हे बायोलॉजीचं ज्ञान.

त्या दिवशी काट्याचा तास रंगात आला होता. सर फळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे येरझारा घालत होते. पहिल्या बाकावरची अक्षरा एकदम उभी राहिली. "सर, आपका पैर!"

पांढऱ्या फरशीवर लाल ठसे उमटले होते. सूचना लावायची टाचणी तळव्यात डोक्यापर्यंत रुतून बसली होती. सरांनी वाकून ती उपसली आणि हातात धरून पाहत राहिले. वर्गातल्या पोरांनी आपापले पाय आखडून घेतले, आणि मागून कुणीतरी खरोखरच कळवळून म्हणालं, "आई गं!"

तास अर्धा टाकून सरांनी शालिनीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी पंचकुल्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पलंगावर आडवं केलं. हातात नायलॉनचा जाडसर धागा होता. "आँखें बंद कीजिए, सर. धागा लगे तो हाँ बोलिए."

ही चाचणी सरांना तोंडपाठ होती. अंगठा, मग चवडा, मग टाच. त्यांनी मनातल्या मनात ताल धरला. "हाँ," म्हणाले. थोडं थांबून पुन्हा "हाँ." मग जरा आत्मविश्वासानं, "हाँ जी, पक्का."

सरांनी डोळे उघडले. बाईंचा धागा टेबलावर होता, त्या हातमोजे चढवत होत्या.

"सर, मैंने तो अभी शुरू ही नहीं किया."

शालिनीनं पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की रडू, तिचं तिलाच ठाऊक. मग ती पुढे झाली, नवऱ्याचं ते थंडगार पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "बास झाले आता तुक्के."

सर छताकडे बघत राहिले. तिनं पाऊल धरलंय हे त्यांना दिसलं होतं, म्हणूनच कळलं होतं. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते मात्र चांगलं जाणवलं.

"नाही कळत गं, शालू," ते म्हणाले. "मला खाली काहीच कळत नाही."

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हती. तरी त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि धागा उचलला. "हाँ," त्या म्हणाल्या, "अब शुरू करते हैं."