पेलाभर इंजिन

आमच्या घरात मोटारसायकल घ्यायची ठरली तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते, उंचीला जेमतेम पाच फूट, आणि तोपर्यंत आयुष्यात स्कूटीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही; त्याची चर्चा गावाने आता कंटाळून सोडून दिली आहे. घरात मी आणि बाबा. बाबांनी तीस वर्षं बोटीवर काढली, मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत, तेल-ग्रीस आणि आगीच्या धगीत. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी घरातला मिक्सर फिरला की ते आतल्या खोलीतून सांगतात, बेअरिंग गेलंय.

मोटारसायकल हवी होती ती सड्यावर, गावावरच्या कातळी पठारावर, जायला. वर सड्यावर आमची काजूची बाग आहे. बोटीवरून सुट्टीला आले की बाबा घरी बसायचे नाहीत, वर जाऊन खड्डे मारायचे. कातळात खड्डा मारायचा, खालून माती न्यायची, खांद्यावरून पाणी न्यायचं. एकेक कलम त्यांनी असं जगवलेलं. पूर्वी चिरेखाणीच्या रस्त्याने जीप वर जायची. मागच्या तीन पावसांनी तो रस्ता असा खाल्ला की आता तिथून माणूस जातो नाहीतर म्हैस जाते. बाबांच्या गुडघ्यांनी चढणीला कधीच नकार दिलाय. तीन वर्षं ते वर गेले नव्हते. संध्याकाळी पडवीत बसून सड्याकडे बघायचे आणि मोहोर आला असेल का, हे मला विचारायचे. मी फोटो काढून आणायचे. फोटो ते बघायचे आणि मोबाईल परत द्यायचे.

मुंबईला माझा भाऊ आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं: वर जाता येत नाही तर बाग ठेवायची कशाला, शिमग्याच्या आत कुणाला तरी कराराने देऊन टाकू. तो वाईट बोलत नव्हता, पण बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी ताट उचलता उचलता म्हटलं, मी नेईन तुम्हाला वर. कसं नेणार ते मला तेव्हा माहीत नव्हतं. रागाच्या भरात बोलून गेले आणि मग तोंडघशी पडायचं नाही म्हणून शोध सुरू केला.

शोधाअंती कळलं की दगडधोंड्यांतून चढणाऱ्या गाड्या मिळतात. उंच, जाड दातेरी टायरच्या, इंजिनाखाली पत्रा मारलेल्या. कणकवलीच्या शोरूममध्ये तशा दोन होत्या, एक दोनशे सीसीची, दुसरी चारशेची. मला दोनशेची आवडली कारण ती मला बघून घाबरवत नव्हती. बाबांना ते पटणं शक्यच नव्हतं. ज्या माणसाने सिलिंडरच्या आत उतरून तो घासला आहे, त्याला मोटारसायकलचं इंजिन म्हणजे खेळणं. त्यांनी विचारलं, सीसी म्हणजे नक्की किती? मी शाळेत सांगते तसं सांगितलं, सिलिंडरच्या आत किती मावतं त्याचं माप. मग ते उठले, स्वयंपाकघरातून चहाचा पेला आणला, पाण्याने भरून माझ्या पुढ्यात ठेवला.

"म्हणजे दोनशे म्हणजे ह्यो पेलो?"

साधारण तेवढंच, म्हटलं. मग त्यांनी देवघरातला लहान तांब्या आणला आणि चारशे म्हणजे हा असेल, असं स्वतःच ठरवलं. दोन माणसं, लाल धोंड्यांची चढण आणि इंजिन पेलाभर; ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मीच पेल्याएवढी झाले. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट वाडीभर झाली. तेव्हापासून त्या दोन गाड्यांची नावं पेलो आणि तांब्यो अशीच पडली, आणि ज्यांच्या दारात सायकलसुद्धा नाही त्यांचीही याबाबतीत ठाम मतं होती. बहुमत तांब्याच्या बाजूने होतं. मला जो भेटेल तो सांगे, एकदाच घेवची तर मोठी घे गो.

मी हट्ट सोडला नाही, बाबांनी सोडला नाही. आठवडाभर घरात बोलणं फक्त जेवणापुरतं. शेवटी बाबा म्हणाले, कौल लावूया.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे लग्न ठरवायचं, विहीर खणायची, भावाभावांत वाटणी करायची, तर ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मोटारसायकलच्या इंजिनासाठी देवाला याआधी कुणी तसदी दिली नसावी. गुरवाने आधी आम्हालाच झापलं. देवाला हे की ते असं विचारता येत नाही, एकच गोष्ट विचारा, तो हो किंवा नाही म्हणेल. बाबांनी मला बोलूही दिलं नाही, तांब्याचंच विचारायला सांगितलं.

गुरव हात जोडून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांच्या दारात चारशेची गाडी येवची असात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. मग वाट बघणं. बाबा घामाघूम झाले होते, मीही झाले होते. एवढी काळजी मला बी.एड.च्या निकालाची नव्हती. शेवटी माझ्या डाव्या हाताची कळी सुटली आणि पडली. मी मनात उडीच मारली. देवाने तांब्या नाकारला! हात जोडून बाबांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा माझ्याहून खुललेला. गुरव प्रसादाला नारळ फोडत होता आणि मला कळेना, हे दोघे एवढे खूश का. मग बाबांनी मला समजावलं. डावी माझी होती, देवाची नव्हती. देव आपल्याकडे तोंड करून उभा, त्याचा उजवा तो उजवा. बोटीचंही तसंच असतं म्हणाले, बोटीची उजवी बाजू ती बोटीचीच, तू कुठे उभी आहेस ते ती विचारत नाही. याच गावात जन्मून, लहानपणापासून कौल बघून, मी आनंदाच्या भरात हे विसरले होते. घरी येताना बाबा शीळ वाजवत होते. मी चपला आपटत होते.

देवाच्या शब्दापुढे माझं काय चालणार? मी शोरूमला फोन लावला, पण एक अट घातली: घ्यायच्या आधी दोन्ही गाड्या आमच्या घाटीवर, सड्याच्या त्या चढणीवर, चालवून बघणार. शोरूमचे गृहस्थ भले होते. रविवारी सकाळी ते स्वतः चारशेची घेऊन आले, मागून त्यांचा माणूस दोनशेची घेऊन आला. सगळी वाडी अंगणात जमली. बाबांनी तांब्याला आधीच हळदकुंकू लावलं. मी बसले तर जमिनीला फक्त अंगठे लागत होते. शोरूमवाले नम्रपणे म्हणाले, मॅडम, सवयीने जमतं. बाबा म्हणाले, गाडी खेचतली, तू नुसती बस. आणि मी नको नको म्हणेपर्यंत मागे चढून बसलेसुद्धा.

खोटं कशाला बोलू, चढणीला ती गाडी सुरेख लागली. आवाज खोल, खेच अशी की दगडसुद्धा बाजूला होतायत असं वाटावं. बाबा मागून म्हणत होते, बघ, बघ. पहिल्या वळणाला मधोमध एक म्हैस उभी होती आणि तिला हलण्याची काही गरज वाटत नव्हती. मी ब्रेक मारला, पाय खाली टाकला, आणि खाली काही नव्हतंच. उतार होता तिथे. गाडी सावकाश, अगदी दुपारी जेवून माणूस आडवं व्हावं तशी, एका बाजूला कलली, आणि आम्ही दोघं करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो.

म्हैस चालती झाली. मग बाबांकडे बघायची भीती वाटली. त्यांना काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं? ते जाळीत फतकल मारून बसले होते, शर्टाचं एक बटण तुटलं होतं आणि ते कोपरातला काटा काढत होते. आपलं लागलं-खुपलं त्यांनी सांगितलंच नाही. माझ्या चपलेकडे बघत होते.

"तुझे पाय जमनीक लागाक नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही लागले. मी आठवण करून दिली की कौल उजवा आहे. आता माघार घेता येत नाही, देवाने हो म्हटलंय. मला खरं तर तेव्हा त्यांना चिडवायचं होतं, पण आवाज रडका निघाला. बाबांनी दुसरा काटा काढला, तो बोटावर धरून बघितला.

"देवान 'येवची' म्हटल्यान," ते सावकाश म्हणाले. "ती इली. दारात इली, हळदकुंकू लावन घेतल्यान. 'घेवची' म्हणाक नाय हा तो."

यायची, पण घ्यायची नाही! मी इतकी हसले की आणखी चार काटे टोचले. खालून माणसं धावत आली तर आम्ही दोघं जाळीत बसून हसतोय. त्यांना वाटलं, डोक्याला मार लागला. गाडी उचलायला चौघे लागले. शोरूमवाल्यांना फुटलेल्या आरशाचे पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. संध्याकाळी बाबा गुरवाकडे जाऊन खात्री करून आले. गुरवाने शब्द न् शब्द आठवून सांगितलं, आपण 'येवची'च म्हटलं होतं.

अशी पेल्याची गाडी आमच्याकडे आली. माझे दोन्ही पाय जमिनीला लागतात, टाचा थोड्या वर राहतात, चालतं. पण बाबांचा प्रश्न अजून तसाच होता. दोन माणसांना ती वर नेईल का? मला स्वतःला खात्री नव्हती. मी शाळा सुटल्यावर रोज घाटीवर एकटी जायला लागले. मग मागच्या सीटवर नारळांचं पोतं बांधलं, बाबांच्या वजनाच्या अंदाजाने. दुसऱ्या दिवशी वळणावर पोत्याचं तोंड सुटलं आणि सगळे बाबा घरंगळत खालच्या वाडीत गेले. वाडीने नारळ गोळा करून आणून दिले, काही कमी आले, त्याबद्दल मी विचारलं नाही. हळूहळू जमायला लागलं. वेग मारून चढायचं नाही, पहिल्या गिअरमध्ये तिला ओरडू द्यायचं आणि नजर पुढच्या दगडावर ठेवायची. शेहेचाळिसाव्या वर्षी मला एक नवी गोष्ट येत होती, आणि त्याचा आनंद मला शाळेतही लपवता येत नव्हता. फळ्यावर लिहिता लिहिता मी गिअर टाकत असायचे.

शिमगा तोंडावर आला होता. भावाचा फोन आला, करारासाठी माणूस तयार आहे, काय कळवू? बाबा म्हणाले, दोन दिवस थांब. फोन ठेवला आणि मला म्हणाले, उद्या सकाळी.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. घाटीला लागलो तशी गाडी ओरडायला लागली. मागून बाबांचा हात माझ्या खांद्यावर, आणि कान इंजिनाला. खेचता, सोडू नको, म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, तापता, जरा सावली बघ. त्या एवढ्याशा इंजिनाशी ते अगदी बरोबरीच्या माणसासारखे वागत होते. सगळ्यात उभ्या वळणावर पुढचं चाक दगडावरून घसरलं आणि मला थांबावं लागलं. मी पाय टाकले. दोन्ही लागले. आम्ही तिथे उभे राहिलो, त्या उतारावर, गाडी न कलंडता. मी क्लच हळू सोडला, तिने एक हिसका दिला, आणि आम्ही निघालो.

वर सडा मोकळा झाला. वाळलेलं पिवळं गवत, पलीकडे काजूच्या रांगा मोहोरलेल्या, आणि त्यांच्या मागे एकदम समुद्र. मला वाटलं, बाबा धावत झाडांकडे जातील. ते गाडीवरून उतरले, गुडघे सरळ केले, आणि मोबाईल काढला. वर रेंज खालच्यापेक्षा चांगली असते.

"बाग कोणाक देव नको," त्यांनी भावाला सांगितलं. "मी वर आसंय."

मग भावाचा घाबरलेला आवाज मलासुद्धा ऐकू आला. "वर म्हणजे खंय, बाबा?"

बाबा खोकला येईपर्यंत हसले. मग त्याला सगळं सांगितलं, मोहोर चांगला आहे तेही सांगितलं, आणि फोन खिशात टाकला. तरीही ते झाडांकडे गेले नाहीत. समुद्रावर एक बोट होती, इथून नखाएवढी, तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तीस वर्सां मी खाली इंजिनात होतंय," ते म्हणाले. "बोट खंय चल्ली ता माका कधी दिसाक नाय. आज इंजिनाबरोबर वाट पण दिसली गो."

मला रडू आलं. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं ते बरं झालं, नाहीतर त्यांनी तेवढ्यासाठी मला दोन शब्द सुनावले असते. मी गाडी स्टँडला लावली आणि आम्ही दोघं झाडं बघायला गेलो.