भिजलेल्या वाफ्यांना पाणी

साहेबांनी ॲस्टरचं एक रोप दोन बोटांत धरून अलगद वर ओढलं. ते मुळासकट यायला हवं होतं. नुसता देठ हातात आला. मातीलगत तो काळा पडून सुतासारखा बारीक झाला होता. त्यांनी दुसरं रोप ओढलं. तसंच.

“देसाई, याला जबाबदार कोण?”

“हवा, साहेब.”

“हवेला मेमो देता येत नाही. आठवड्यात रिपोर्ट हवा.”

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कोल्हापुरातल्या एका सरकारी बागेत मी इन्स्पेक्टर होतो. पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन आलेलो. माघात बागेत फुलांचं प्रदर्शन भरायचं होतं. नव्या राजवटीतलं आमचं पहिलंच, त्यामुळे साहेबांना त्याची फार काळजी. मुंबईहून पाहुणे येणार होते.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. मार्गशीर्ष संपत आला तरी कुणी स्वेटर बाहेर काढला नव्हता. आभाळ सदा भरलेलं. दिवसाआड बुरबुर पाऊस. आंब्याला मोहोर आला तो काळा पडून गळला. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके. शेवंती कळीतच सडली. अशा कोंदट, ओल्या हवेत बुरशी माजते आणि कोवळी रोपं मातीलगत कुजून आडवी होतात. आम्ही त्याला रोप कोलमडणं म्हणतो. मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारतात, पण पाऊस पुन्हा ते धुऊन नेतो.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. न समजणारी गोष्ट एकच होती. गुलाब, फ्लॉक्स, डेलिया यांचं थोडंफार नुकसान झालं होतं. ॲस्टरचे वाफे मात्र पार बसत चालले होते. जमीन तीच, पाऊस तोच.

ॲस्टरचे वाफे ज्ञानू माळ्याकडे होते. ज्ञानू मुरगूडकडचा. बागेत त्याची हयात गेली होती. त्याची बायको सोनाबाई बागेतच खुरपणीला असायची. रोपवाटिकेत बी टाकायचं काम तिचं. दसरा झाल्यावर त्या वर्षीचं ॲस्टरचं बी तिनंच टाकलं होतं. दिवाळी सरली आणि तिला ताप आला. तापातच ती गेली. दिवस घालून ज्ञानू कामावर परतला तेव्हा रोपं लावणीला आली होती. खुरपणीच्या बायकांनी ती वाफ्यात लावली. ज्ञानू बांधावर उभा राहून बघत होता. त्यानंतर तो कुणाशी फारसा बोलत नसे. आम्हीही त्याला बोलकं करायला गेलो नाही. दुःखातला माणूस कामात असलेला बरा, असं सगळेच म्हणत होते.

रिपोर्टासाठी वाफे नीट बघावेत म्हणून मी दुसऱ्या दिवशी लवकर बागेत गेलो. पाऊस भुरभुरत होता. ज्ञानू घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन वाफ्यात वाकला होता. जवळ गेलो तेव्हा त्याच्या हातात झारी दिसली. वरून पाऊस पडत होता आणि खाली तो रोपांना पाणी घालत होता.

मी विचारलं, “ज्ञानू, पाणी कशाला?”

“पाणी मागत्यात, रावसाहेब. माना टाकल्यात बघा.”

“रोज घालता?”

“सांजसकाळ घालतो की. तिच्या हातचं बी हाय. वाळू द्यू व्हय?”

रोप दोन कारणांनी मान टाकतं. पाणी कमी पडलं की टाकतं, आणि पाणी जास्त झालं की मुळं कुजून त्यांना पाणी ओढता येत नाही म्हणूनही टाकतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. हे ज्ञानूला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या माळ्यांना त्यानंच ते शिकवलं होतं.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. हवेवर ढकलून रिपोर्ट लिहायचा आणि झारी गुपचूप काढून घ्यायची. किंवा त्याला सांगायचं. सांगितलं नाही तर तो दुसरी झारी शोधून उरलेली रोपंही बुडवणार होता. मी खुरप्यानं एक रोप मुळासकट उकरलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. मूळ तपकिरी, गिळगिळीत झालं होतं. वास येत होता.

त्यानं ते मूळ बोटानं दाबून बघितलं. मग म्हणाला, “म्या मारली म्हणायची.”

“निम्मी हवेनं मारली,” मी म्हणालो. “निम्मी या पाण्यानं. पण कडेची अजून जिवंत आहेत.”

त्यानं झारी खाली ठेवली आणि तिथंच चिखलात बसला. मीही शेजारी बसलो. दोघांचेही कपडे भिजले. तो रडला नाही. सोनाबाई बी कसं राखेत घोळून टाकायची, एवढंच एकदा सांगितलं.

साहेबांना मी तोंडी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे माणसाचीच चूक. सस्पेंड करा.”

“करता येईल. पण घरी बसून तो काय करेल, साहेब? घरी कुणी नाही त्याच्या.”

ते खिडकीबाहेर बघत होते. “मग इथं काय करेल?”

“चर खोदेल. पाण्याला वाट काढून दिली तरच उरलेलं वाचेल.”

“प्रदर्शनात वाफे रिकामे दिसले तर पाहुण्यांना उत्तर तुम्ही द्यायचं.”

मी हो म्हणालो.

ज्ञानूनं चर खोदले. कुजलेली रोपं त्यानं स्वतः उपटली आणि पालापाचोळ्याबरोबर जाळली. जगलेली आम्ही उंच गादीवाफ्यांवर हलवली. माघात निम्म्याहून जास्त जागा उघडीच होती. जांभळी, पांढरी फुलं आली, पण थोडी. एका पाहुण्यांनी रिकाम्या वाफ्यांकडे बोट दाखवलं. मी पुढे होणार, तोवर साहेबच म्हणाले, “या वर्षी आमच्याकडं थंडीच पडली नाही.” रिपोर्ट त्यांनी पुन्हा मागितला नाही.

ज्ञानू पुढे निवृत्त होईपर्यंत बागेत होता. खोदाई, छाटणी, कलमं, सगळं करायचा. झारीला मात्र त्यानं परत हात लावला नाही. मीही कधी लावा म्हणालो नाही.

पुढच्या नोकरीत नवा माळी आला की मी त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे. पान बघून पाणी घालू नका. आधी माती उकरून बघा.